वाचवलेला अर्धा तास

"बाई, ह्यो कागद फाडून टाका आणि दुसरा लिवून द्या."

म्हातारीनं रिपोर्ट काउंटरवर ठेवला आणि त्यावर पंजा दाबून उभी राहिली. शनिवारची दुपार होती. मी सकाळी सातपासून पायावर होते, पिंढरीच्या शिरा ठणकत होत्या आणि डबा अजून उघडायचा होता. अशा वेळी मी माणसांशी नीट बोलत नाही. तशी मी एरवीही फार गोड बोलते असं कुणी म्हणणार नाही.

"आजी, ती काय किराणा मालाची यादी आहे? जे आलं ते लिहिलंय."

"मग जे आलं ते परत एकदा बघा."

ही गंगव्वा शिंत्रे. गडहिंग्लजपासून बारा किलोमीटरवरच्या खेड्यातली. तिची सून महानंदा बाहेरच्या बाकावर बसली होती, दोन्ही हात पदराखाली घेऊन. मुलगा शिवगोंडा लष्करात, तेव्हा आसामात. म्हणजे जे काय ठरवायचं ते घरात या दोघींनी, आणि खरं बोलायचं तर एकट्या म्हातारीनं.

दोन हजार पाच सालची ही गोष्ट. मी डॉक्टर हळदणकरांच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. रक्त मी काढायचे, मीच तपासायचे, रिपोर्टही मीच लिहायचे. डॉक्टर अकराला यायचे, काचपट्ट्या बघायचे, सह्या करायचे आणि दीडला घरी जायचे. "चौगुले, तू आहेस म्हणून मला झोप लागते," असं ते म्हणायचे. मला ते कौतुक वाटायचं.

त्या कागदावर काय होतं ते आधी सांगते. महानंदाला अकरावा आठवडा चालू होता. रुबेला म्हणून एक ताप असतो, गोवरासारखाच, पण सौम्य. मोठ्या माणसाला दोन-तीन दिवस पुरळ येतं आणि जातं. पण पहिल्या तीन महिन्यांत आईला झाला तर पोटातल्या बाळाचे डोळे जाऊ शकतात, कान जाऊ शकतात, हृदयात दोष राहू शकतो. ताजा संसर्ग झाल्याची खूण महानंदाच्या रक्तात मला सापडली होती. सबनीस डॉक्टरबाईंनी सोमवारी सकाळी नऊची वेळ दिली होती. पिशवी साफ करायला.

आणि हे पहिल्यांदा होत नव्हतं. तिचं पहिलं दुसऱ्या महिन्यात आपोआप पडलं होतं. म्हणून दुसऱ्या खेपेला ही तपासणी केली, आमच्याकडेच, चौदा महिन्यांपूर्वी. तेव्हाही हीच खूण निघाली होती आणि तेव्हाही साफ केलं होतं. आता तिसरी खेप.

"मला एक सांगा," गंगव्वा म्हणाली. "आमच्यात गोवर आला की आई आली म्हणत्यात. दाराला लिंब बांधायचा, फोडणी बंद, पाच दिवस कुणाला सुई टोचू द्यायची न्हाई. मग दहीभाताचा निवद दाखवून तिला लावून द्यायचं. एकदा येऊन मान घेऊन गेली, की त्या माणसाकडं परत येत न्हाई. बरोबर?"

"बरोबर."

"मग हिच्याकडं दीड वर्सात दोनदा कशी आली? आई काय उसनी साखर मागाय येती व्हय? आणि आली तर मला दिसली कशी न्हाई? एक पुरळ न्हाई, एक दिवस ताप न्हाई."

पुरळ न येताही रुबेला होतो, हे मला ठाऊक होतं. पण दीड वर्षात दोनदा ताजा? हा प्रश्न तपासणी करणाऱ्या मला पडायला हवा होता. तो शाळेत न गेलेल्या बाईला पडला होता.

"ह्यात लिवलंय काय ते तरी सांगा. डाक्टरीणबाई इंग्रजीत बोलून मोकळ्या झाल्या."

सांगितल्याशिवाय ती हलणार नव्हती.

"हे बघा. विषाणू अंगात शिरला की त्याला धरणारी प्रतिपिंडं रक्तात तयार होतात. सराटा माहीत आहे ना?"

"जल्म गेला सराटं काढण्यात."

"सराट्याला चहूकडून शेण लिंपलं तर तो पायात रुतेल?"

"कशाचा रुततोय."

"तसंच. प्रतिपिंडं विषाणूला चिकटून बसतात, मग त्याला आत शिरता येत नाही. पण ती सगळी एका जातीची नसतात. पहिल्यांदा येतात ती एम. आकारानं मोठी, घाईनं येणारी. एकेकाची पकड ढिली, पण गर्दी करून अडवतात. दोन-तीन महिन्यांत निघून जातात. मागून येतात ती जी. ती यायला वेळ लागतो, पण पकड घट्ट आणि वर्षानुवर्षं रक्तात राहतात. आईच्या नाळेतून बाळाकडेही तीच जातात."

म्हातारी विचारात पडली. "म्हंजी एम ही भावकी. गलका करत येणार, जेवून जाणार. आणि जी म्हंजी घरची माणसं."

"तसं म्हणा. तुमच्या सुनेच्या रक्तात दोन्ही सापडलीत. एम सापडली म्हणजे विषाणू नुकताच येऊन गेला, असा त्याचा अर्थ."

"भावकी गोळा झाली म्हंजी घरात मयतच झालं असं हाय व्हय? लग्नाला बी येत्यात."

मला हसू आलं. ती हसली नाही.

"आणि कोण असतंय त्यात?"

"ए असते. नाकातोंडात, घशात, आतड्यात, म्हणजे विषाणू जिथून शिरतो तिथं दारातच असते. बाळंतिणीच्या पहिल्या दुधात पण भरपूर असते."

"चिकात? चीक आमी तीन दिवस पिळून टाकतो."

"टाकत जाऊ नका. बाळाला पहिल्यांदा तोच..."

महानंदा उठून दारात येऊन उभी होती. माझं वाक्य तिथंच राहिलं. सोमवारी नऊला कुठलं बाळ आणि कुठला चीक.

"बरं," मी म्हटलं, "परत तपासते. या वहीत सही कर."

महानंदानं पेन धरलं. ते बोटांतून निसटून खाली पडलं. तिनं उचललं, परत निसटलं. मग लहान मुलं धरतात तसं मुठीत धरून तिनं कसंबसं नाव लिहिलं.

"काय झालं हाताला?"

"काय न्हाई वो," महानंदा पहिल्यांदाच बोलली. "सकाळी जास्त असतंय. दुपारपतोर सैल हुतंय."

"दोन वर्सं झाली," गंगव्वा म्हणाली. "बोटं मिटत न्हाईत तिची. भाकरी मीच थापती. गावात म्हणत्यात, गंगव्वानं सून न्हाई, पाव्हणी आणलीया."

मी तिचे हात हातात घेतले. बोटांच्या मधल्या पेरांवर सूज होती, दोन्ही हातांना सारखीच. माझं जेवण त्यानंतर झालंच नाही.

संधिवाताची एक चाचणी असते, दोन मिनिटांची. रक्त गोठल्यावर वर पिवळसर पाणी राहतं, त्याला सिरम म्हणतात. त्या सिरमचा एक थेंब काळ्या काचेवर घ्यायचा, त्यात पांढऱ्या दुधासारख्या रसायनाचा थेंब मिसळायचा आणि काच हलवत राहायची. दूध तसंच राहिलं तर काही नाही. फाटलं तर संधिवाताचं प्रतिपिंड आहे. महानंदाचं सिरम फ्रीजमध्ये होतंच. मी काच हलवायला घेतली आणि मिनिट व्हायच्या आत पांढऱ्या कण्या दिसायला लागल्या.

ते प्रतिपिंडही एम जातीचंच असतं. पण त्याला विषाणूशी काही देणंघेणं नसतं. ते आपल्याच जीला जाऊन चिकटतं. आता आमच्या तपासणीत काय होतं बघा. प्लास्टिकच्या प्लेटला बारीक खाचा असतात, खाचेच्या तळाला विषाणूचे मेलेले तुकडे. त्यात सिरम घातलं की महानंदाची जी, लहानपणी कधीतरी येऊन गेलेल्या तापाची, विषाणूला धरून बसणार. तिच्या पाठीवर ही भलती एम बसणार. आणि आमचं रसायन फक्त एवढंच विचारतं, इथं एम आहे का? आहे. खाच पिवळी. रिपोर्ट लिहा, ताजा संसर्ग.

हे किट बनवणाऱ्यांना माहीत असतं. म्हणून किटबरोबर एक छोटी बाटली येते. तिच्यातल्या द्रवात सिरम आधी अर्धा तास ठेवायचं. सगळी जी त्यात धरली जाते आणि बाजूला होते. मग भलत्या एमला बसायला जागाच उरत नाही.

हा अर्धा तास मी दोन वर्षांपूर्वी काढून टाकला होता.

का, तर साडेदहाला वीज जायची. साडेदहा ते दीड भारनियमन, रोज. इन्व्हर्टरवर एक ट्यूब आणि कॉम्प्युटर चालायचा, प्लेट वाचायचं यंत्र आणि प्लेट उबेत ठेवायची पेटी नाही. सातला येऊन, केरवारे करून, सकाळची उपाशीपोटीची रक्तं काढून प्लेट लावेपर्यंत आठ वाजायचे. प्लेटला तीन तास लागतात. अर्धा तास कमी केला की वीज जायच्या आत कसंबसं उरकायचं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा बाटलीसह आणि बाटलीविना अशी दहा-बारा सिरमं लावून बघितली होती. फरक आला नव्हता. येणार कसा, त्यात संधिवाताचं कुणी नव्हतंच. डॉक्टरांना विचारलं होतं. "चालतंय तर चालू दे," ते म्हणाले होते. मला तेव्हा माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं, हेही सांगून टाकते.

मी फ्रीज उघडला. दाराच्या कप्प्यात चार छोट्या बाटल्या रांगेत उभ्या होत्या. दोन वर्षांत चार किटं संपली होती. चारही बाटल्यांची सीलं शाबूत होती.

"काय झालं वो?" गंगव्वानं विचारलं. मी बराच वेळ फ्रीजचं दार उघडं धरून उभी होते म्हणे.

"उद्या रविवार आहे, लॅब बंद असते. मी येऊन परत लावते. सोमवारी सकाळी दवाखान्यात मी येईपर्यंत काही करू देऊ नका."

"आणि फरक पडला तर?"

"पडला तर बघू. मागच्या वेळचं रक्तही माझ्याकडे आहे. दोन्ही एकाच प्लेटमध्ये लावते."

महानंदानं मान वर केली. "मागल्या वेळचं अजून हाय?"

होतं. मिरजेला शिकत असताना आमच्या सरांनी एक गोष्ट हाडात भिनवली होती. सिरम टाकू नका, जोडी लावा. जुनं आणि नवं एकाच दिवशी, एकाच प्लेटमध्ये शेजारी शेजारी लावलं तरच काय वाढलं, काय घटलं ते कळतं. म्हणून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत मी नळ्या ठेवायचे, झाकणावर महिना लिहून. डॉक्टर चिडायचे, फ्रीजर तुझ्या श्रीखंडानं भरलाय म्हणायचे. इतक्या वर्षांत मी एकही जोडी लावली नव्हती. वेळ कुणाला होता.

रविवारी सकाळी सहाला मी शटर अर्धं वर करून आत शिरले. एप्रिलच्या डब्यातून चौदा महिन्यांपूर्वीची नळी काढली. माझंच अक्षर, 'म. शिंत्रे'. भारनियमनात फ्रीजरमधलं रक्त खराब झालं असेल की काय अशी धाकधूक होती, पण बर्फ सुटला तेव्हा सिरम स्वच्छ निघालं. जुनं आणि नवं, दोन्ही दोन तऱ्हेनं लावायचं ठरवलं. एकदा माझ्या रीतीनं, एकदा बाटलीच्या रीतीनं.

सील फोडलं. द्रव घातला. घड्याळ लावलं. तो अर्धा तास मी स्टुलावर बसून काढला. काही करण्यासारखं नव्हतं. लॅबमध्ये इतकी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली. मला वाटलं, दोन वर्षं रोज ही एवढीच गोष्ट करायची होती. बसून राहायचं.

साडेनऊला शेवटचा रंग घातला आणि वाट बघितली.

जीच्या दोन्ही खाचा, जुनी आणि नवी, सारख्याच गडद पिवळ्या झाल्या. म्हणजे जुनंच संरक्षण, जिथल्या तिथं. वाढलं नाही, घटलं नाही. मग मी एमकडे बघितलं. महानंदाचं नवं सिरम, माझ्या रीतीनं, पिवळं. बाटलीच्या रीतीनं, पाणी. नितळ पाणी.

मी एकटीच हसले. खरंच हसले, मोठ्यानं. पोटातलं सुखरूप होतं. त्याला काही झालेलं नव्हतं आणि होणारही नव्हतं, आईची जी नाळेतून त्याच्याकडे जायला लागणार होती. गंगव्वाची घरची माणसं. मला आनंद झाला, इतका की पाय ठणकायचे थांबले.

मग नजर शेजारच्या दोन खाचांवर गेली. जुनं सिरम, माझ्या रीतीनं, पिवळं. जुनं सिरम, बाटलीच्या रीतीनं, पाणी.

ती नळी मी पुरावा म्हणून लावली होती. दोन्ही वेळेला सारखंच आलं तर आजचं खोटं, एवढं मला दाखवायचं होतं. तसंच आलं. आजचं खोटं होतं, आणि तेवढंच चौदा महिन्यांपूर्वीचंही. त्या वेळी साफ केलेलं बाळही असंच होतं. त्यालाही काही झालेलं नव्हतं.

मी प्लेट यंत्रात घातली, आकडे छापून घेतले. मग परत घातली, परत छापले. आकडे तेच.

दुपारी डॉक्टरांच्या घरी गेले. ते नुकतेच जेवून उठले होते. कागद त्यांनी खिडकीशी नेऊन वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

"किती दिवस आपण बाटली घालत नाही?"

"दोन वर्षं. तुम्हाला विचारलं होतं."

"विचारलं असशील." ते खुर्चीत बसले. "सबनीसबाई कोल्हापूरला लग्नाला गेल्यात, रात्री येतील. मी निरोप ठेवतो. तू उद्या रिपोर्ट घेऊन स्वतः जा. नवा रिपोर्ट दे."

"आणि जुना?"

"जुन्याचं काय?"

"दोन्ही एकत्र लावते असं मी त्यांना सांगितलंय."

आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता.

"चौगुले, शिळ्या कढीला ऊत आणून काय मिळणार? गेलेलं परत येतंय? त्या पोरीला आत्ता सुखानं नऊ महिने काढू दे. विचारलं तर सांग, जुनं रक्त खराब झालं होतं. वीज जाते, सगळ्यांना ठाऊक आहे." मग हळू आवाजात म्हणाले, "तुलाही लेकरं आहेत, मलाही लॅब आहे."

ते वाईट माणूस नव्हते. दमलेले होते, मीही होते. परत येताना रस्ताभर मी ते वाक्य घोकत होते. जुनं रक्त खराब झालं होतं. वीज जाते.

सोमवारी आठला मी सबनीसबाईंच्या दवाखान्यात पोचले. महानंदा उपाशीपोटी बाकावर बसली होती, दवाखान्याचा हिरवा झगा घालून. बाईंनी रिपोर्ट उभ्या उभ्या वाचला, मला दोन प्रश्न विचारले आणि नर्सला म्हणाल्या, "हिचं रद्द. हिला कपडे बदलायला सांग. सोनोग्राफी करत राहू." माझ्याकडे त्यांनी एकदा बघितलं. त्यांच्या मनातही मागचा कागद आला असणार. पण त्यांच्यापुढे आणखी चार बायका होत्या.

गंगव्वाला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ती खाली वाकून माझ्या पायांना हात लावायला लागली. मी मागे सरले तर भिंतीलाच टेकले.

"नको आजी, उठा."

"लेकीसारखी धावून आलासा. बसा हितंच. पोरगी रातीपासनं उपाशी हाय, च्या आणि पाव घेऊन येती." आणि चपला न घालताच ती बाहेर गेली.

आम्ही दोघी राहिलो. महानंदा साडी नेसून आली होती आणि आपल्या बोटांकडे बघत होती.

"दोन्ही रक्तं लावलासा न्हवं?" तिनं विचारलं.

"हो."

"मागल्यात काय आलं?"

वाक्य जिभेवर तयार होतं. रात्रभर घोकलं होतं. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि मला ते म्हणता आलं नाही. धैर्य वगैरे काही नव्हतं. खोटं बोलायलाही अंगात त्राण लागतं, ते माझ्यात उरलं नव्हतं.

"मागच्यातही हेच आलं," मी म्हटलं. "तेव्हाही काही नव्हतं. चूक माझी होती. एक अर्ध्या तासाचं काम असतं, ते मी वीज जाते म्हणून करत नव्हते."

समोरून एक बाई सलाईनची बाटली हातात धरून गेली. ती लांब गेल्यावर महानंदा म्हणाली, "म्हंजी ते बरं हुतं."

"हो."

"मी नको म्हणत हुते. रडत हुते. पाय धरलं हुतं मी आत्तींचं, सासूचं. सांगत हुते, आंधळं झालं तरी चालतंय, राहू दे. त्यांनी कागदावर अंगठा उठवला. म्हटल्या, पोराचं हाल मला बघवायचं न्हाईत." ती थांबली. "डाक्टरांनी सांगितलं म्हणून उठवला. त्यांचं काय चुकलं."

"त्यांचं काही चुकलं नाही. माझं चुकलं."

"मग आत्तींना सांगू नका."

मी तिच्या शेजारी बसले.

"त्यांना कळलं तर त्या जगायच्या न्हाईत. अजून कवातरी झोपंत उठून बसत्यात. तुमी सांगू नका. मी बी सांगणार न्हाई. तुमच्या आणि माझ्यातच राहू दे."

"महानंदा, तुला मला काही बोलायचं असेल तर बोल. शिव्या दे."

"काय बोलू? बोलून माझं पोट भरंल व्हय?" तिनं पदरानं नाक पुसलं. "आता हितनं पुढं माझं रक्त तुमीच घ्यायचं. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा न्हाई. तुमी आता विसरायच्या न्हाई."

गंगव्वा चहाचे तीन ग्लास आणि पावाची पुडी घेऊन आली. आम्ही तिघींनी चहा घेतला. म्हातारी एकटीच बोलत होती, आसामला फोन कुठनं लावायचा, पोराला काय सांगायचं. महानंदा पाव चहात बुडवून खात होती. तिच्या बोटांत तो नीट धरता येत नव्हता, म्हणून मी तिचा ग्लास धरला.

बाकीच्यांचं काय, असं कुणीही विचारेल. मीही विचारलं. पुढचे दोन महिने श्रीखंडाचे डबे काढून मी खूण निघालेली सगळी जुनी सिरमं परत लावली. नऊ होती. एक महानंदाची. सात खरी निघाली. एक खोटी निघाली, बेळगावकडच्या बाईची. तिनं रिपोर्ट मानलाच नव्हता, तिची मुलगी चांगली दीड वर्षाची होती. ते कळलं त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले. सुटले म्हणून नव्हे. जिनं माझा कागद मानला तिचंच गेलं, म्हणून.

सातऐवजी मी सहाला यायला लागले. पुढे वीज सुधारली, भारनियमन गेलं, नवी यंत्रं आली, तरी निवृत्त होईपर्यंत त्या अर्ध्या तासात मी दुसरं काम हातात घेतलं नाही. स्टुलावर बसायचे. नव्या मुली हसायच्या. चौगुलेबाईंची समाधी म्हणायच्या.

मुलगी झाली. शिवलीला. डोळे, कान, हृदय, सगळं नीट. बाळ दीड महिन्याचं असताना तिघी लॅबमध्ये आल्या, गंगव्वाच्या हातात स्टीलचा डबा. म्हैस व्याली होती. गूळ-वेलदोडा घालून खरवस केला होता.

"तुमी म्हटलासा म्हणून पोरीला पहिल्या दिसापासनं चीक पाजला बघा," गंगव्वा म्हणाली. "एक थेंब टाकला न्हाई. शेजारणी नावं ठेवाय लागल्या, म्हटलं ठेवा. आणि मी म्हटलं, म्हशीचा पहिला चीक त्या बाईंना. त्यांच्यामुळं घरात पोर खेळाय लागलं." डबा उघडून तिनं माझ्यापुढं ठेवला. "खावा. माझ्यासमोर खावा."

माझा हात उचलेना. पोर महानंदाच्या मांडीवर टक्क जागं होतं आणि माझ्या पांढऱ्या कोटाच्या बटणाकडे बघत होतं. त्याच्यापेक्षा वर्षभरानं मोठं एक पोर आत्ता त्या लॅबमध्ये दुडदुडत असायला हवं होतं, नळ्या ओढत, माझा ओरडा खात. ते आम्हा दोघींनाच दिसत होतं.

"काय झालं?" गंगव्वानं विचारलं. "आवडत न्हाई व्हय?"

महानंदानं वाकड्या बोटांनी खरवसाचा एक तुकडा उचलला आणि माझ्यापुढं धरला.

"खावा, बाई," ती म्हणाली. "आत्ती बघाय लागल्यात."

मी खाल्ला. म्हटलं, छान झालाय. दर वेळी म्हैस व्याली की गंगव्वा महानंदाला घेऊन यायची, पुढे बारा वर्षं, शेवटी शेवटी नातीच्या खांद्याला धरून. दर वेळी समोर बसून खायला लावायची आणि मी दर वेळी खायचे. तिला शेवटपर्यंत काही कळलं नाही. डबा मी धुऊन, पुसून महानंदाच्या हातात द्यायचे.